हातातील वाटाड्या

पहाटेचा अंधार पुरता ओसरलेला नसतो, तोच मुंबईच्या उपनगरांत माणसांची ये-जा सुरू होते. अंधेरी आणि बोरिवली ही पश्चिम रेल्वेवरील स्थानके. घाटकोपर आणि मुलुंड ही मध्य रेल्वेवरील. ह्या स्थानकांबाहेर दुधाच्या पिशव्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि भाजीच्या टोपल्या उतरू लागतात. थोड्या वेळाने डबेवाले, पोस्टमन, गॅसचे सिलिंडर पोचविणारे आणि पार्सले घेऊन निघालेले तरुण रस्त्यावर दिसतात. ह्या सर्वांची कामे निरनिराळी असली, तरी त्यांना एक विद्या सारखीच लागते. दुसऱ्याचे घर अचूक शोधून काढणे, ही ती विद्या होय.

उपनगरांत घर शोधणे वाटते तितके सोपे नाही. रेल्वेच्या रुळांनी ह्या प्रत्येक उपनगराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत. रूळ ओलांडावयाचे तर पुलावरून किंवा भुयारी मार्गानेच जावे लागते. जुन्या चाळी, उंच इमारती, डोंगरउतारावरील दाट वस्त्या आणि कारखान्यांच्या जागी उभी राहिलेली गृहसंकुले एकमेकांना लागून आहेत. एकाच नावाच्या दोन-तीन इमारती एका उपनगरात सापडणे ही तर नित्याचीच गोष्ट.

मुंबईने ही विद्या फार पूर्वीपासून जोपासली आहे. महादू हावजी बच्चे ह्यांनी १८९० मध्ये घरचे जेवण कामाच्या ठिकाणी पोचविण्याचा उद्योग सुरू केला. त्यांच्या मागून आलेल्या डबेवाल्यांनी डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरे आणि आकडे ह्यांची सांकेतिक खूण लिहिण्याची पद्धत बसविली. डबा कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरवावयाचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर न्यावयाचा, हे त्या खुणेवरून कळते. पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपालखात्याने देशभर पिन कोड सुरू केला. सहा आकड्यांची ही योजना टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांनी आखली. मुलुंड पश्चिमेचा पिन कोड ४०००८० आणि मुलुंड पूर्वेचा ४०००८१ असा आहे. पत्र रुळांच्या अलीकडे जावयाचे की पलीकडे, हे एवढ्याशा फरकावरून ठरते.

आज घरोघर फिरणाऱ्या माणसाच्या हातात आणखी एक साधन आले आहे. इंटरनेट आणि नकाशा ही दोन्ही ज्यात आहेत, असे ते हातात मावणारे यंत्र होय. बाजारात त्याचे शेकडो प्रकार मिळतात. त्यांतून आपल्या कामाचे कोणते, हे कसे ओळखावे? मुलुंडच्या एका निवृत्त पोस्टमनच्या घरातील प्रसंग ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

त्या पोस्टमनच्या नातीला एका रोगनिदान प्रयोगशाळेत नोकरी लागली. रोज सकाळी रुग्णांच्या घरी जावयाचे, रक्ताचे नमुने घ्यावयाचे आणि ते वेळेवर प्रयोगशाळेत पोचवावयाचे, असे तिचे काम. ह्या कामात उशीर चालत नाही. मधुमेहाच्या रुग्णाला तपासणीपूर्वी कित्येक तास उपाशी राहावे लागते. नमुना देऊन होईपर्यंत त्याला चहाचा घोटही घेता येत नाही. शिवाय नळीतील रक्तात जिवंत पेशी असतात आणि त्या रक्तातील साखर वापरीतच राहतात. त्यांना आवर घालणारे द्रव्य नळीत घातलेले असते. तथापि नमुना पोचण्यास फार विलंब झाला, तर साखरेचा आकडा खऱ्याहून कमी येण्याचा संभव राहतो. आकडा चुकला, तर औषधही चुकण्याची भीती असते.

नोकरी सुरू होण्यापूर्वी नातीला यंत्र विकत घ्यावयाचे होते. ती म्हणाली, “आजोबा, दुकानात इतके प्रकार आहेत, की काय घ्यावे तेच कळत नाही.”

आजोबा म्हणाले, “पोरी, एवढ्यात दुकानात जाऊ नकोस. आधी वही घे. सकाळपासून दुपारपर्यंत तुला काय काय करावे लागणार, ते ओळीने लिहून काढ. यंत्र कोणते घ्यावयाचे, ते ती वहीच सांगेल.”

नातीने वही घेतली आणि लिहिले: सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत फिरणे. अनोळखी घरे शोधणे. निघण्यापूर्वी रुग्णाला फोन करणे. नळीवरील बारकोड वाचून रुग्णाच्या नावापुढे नोंद करणे. एका हातात नमुन्यांची पेटी असल्यामुळे यंत्र दुसऱ्या एकाच हाताने चालविणे. उन्हात आणि पावसात उभे राहणे.

ही यादी पाहताच अर्धी निवड आपोआप झाली. मोटारीत बसवावयाचे केवळ नकाशाचे यंत्र बाद झाले, कारण त्यावरून फोन करता येत नाही. टॅब्लेटची स्क्रीन मोठी आणि नकाशा पाहण्यास सोयीची; पण ते एका हातात नीट मावत नाही आणि खिशातही राहत नाही. गोदामांतून काम करणाऱ्यांच्या हाती बारकोड वाचणारे एक दणकट यंत्र असते. ते पडले-आपटले तरी सहसा बिघडत नाही. परंतु एकट्या माणसाने घ्यावे, एवढे ते स्वस्त नसते. बसच्या कंडक्टरच्या हातातील तिकीटयंत्र आपले एकच काम उत्तम करते. तथापि त्याच्या साहाय्याने घर सापडणार नाही. ह्या कामासाठी साधा मोबाइलच योग्य होता. आता प्रश्न उरला तो हा, की मोबाइल निवडताना त्यात काय पाहावे?

हे समजण्यासाठी मोबाइल वाट कशी दाखवितो, ते आधी समजले पाहिजे. वाट दाखविण्याच्या ह्या कामात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे आपण कोठे आहोत हे कळणे. दुसरी म्हणजे त्या प्रदेशाचा नकाशा. आणि तिसरी म्हणजे तेथून इष्ट स्थळी जाण्याचा मार्ग. ह्या तिन्ही गोष्टी एकाच स्क्रीनवर दिसत असल्यामुळे त्या एकच आहेत, असा अनेकांचा समज होतो.

आपले ठिकाण मोबाइलला आकाशातील उपग्रहांकडून कळते. पावसाळ्यात वीज चमकली, की थोड्या वेळाने गडगडाट ऐकू येतो. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद लागले, तर वीज सुमारे एक किलोमीटर अंतरावर चमकली, असे अनुमान काढता येते. वेळावरून अंतर काढण्याची हीच युक्ती मोबाइल वापरतो. उपग्रह सतत रेडिओलहरींनी संदेश पाठवीत असतात. आपण कोठे आहोत आणि संदेश निघाला तेव्हा किती वाजले होते, एवढेच उपग्रह त्यात सांगतो. संदेश पोचण्यास किती वेळ लागला, ह्यावरून त्या उपग्रहाचे अंतर मोबाइल काढतो.

अंतरांवरून ठिकाण कसे निघते, हे उपनगरांच्या नकाशावर सहज दाखविता येईल. एखादे घर अंधेरी स्थानकापासून किती दूर आहे एवढेच ठाऊक असेल, तर कंपासने अंधेरीभोवती एक वर्तुळ काढावे लागेल. घर त्या वर्तुळावर कोठेही असू शकेल. घाटकोपरपासूनचे अंतर कळले, की दुसरे वर्तुळ पहिल्याला दोन ठिकाणी छेदते. मुलुंडपासूनचे अंतर कळले, की त्या दोहोंपैकी एकच ठिकाण उरते. उपग्रहांच्या बाबतीतही असेच घडते. तेथे सपाट वर्तुळांऐवजी पोकळ गोल असतात, एवढाच भेद. तीन उपग्रहांवरून ठिकाण निघते. परंतु मोबाइलमधील घड्याळ उपग्रहांतील घड्याळांइतके अचूक नसते, म्हणून त्याची चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रहही लागतो.

ह्या घड्याळांवरच सारा खेळ अवलंबून आहे. रेडिओलहरी एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातात. म्हणून वेळ मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात सुमारे ३०० मीटरांची चूक होते. उपनगरात ३०० मीटर म्हणजे कित्येकदा रुळांच्या पलीकडची बाजू! म्हणूनच उपग्रहांत अणुघड्याळे बसवितात.

अमेरिकेची अशी उपग्रहव्यवस्था जीपीएस ह्या नावाने प्रसिद्ध आहे. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू ह्या अशाच इतर व्यवस्था होत. भारतानेही आपली स्वतंत्र व्यवस्था उभारली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी अवकाशात गेला, आणि २०१६ मध्ये तिला ‘नाविक’ हे नाव देण्यात आले. नाविकच्या काही उपग्रहांतील परदेशी बनावटीची अणुघड्याळे पुढे बंद पडली. तेव्हा भारतीय शास्त्रज्ञांनी देशातच अणुघड्याळ तयार केले आणि २९ मे २०२३ रोजी ते एका नव्या उपग्रहातून पाठविले. ह्यावरून एक धडा मिळतो. जो मोबाइल एकाहून अधिक व्यवस्थांचे संदेश घेतो, तो एका व्यवस्थेच्या चुकीमुळे अडून बसत नाही. म्हणून नातीने वहीत पहिला प्रश्न लिहिला: ‘हा मोबाइल कोणकोणत्या उपग्रहव्यवस्थांचे संदेश घेतो?’

मोकळ्या मैदानात मोबाइलला आपले ठिकाण साधारणपणे पाच मीटरपर्यंत अचूक कळते. परंतु उंच इमारतींच्या दाटीत संदेश भिंतींवर आपटून, वळसा घेऊन पोचतात. त्यांना अधिक वेळ लागतो आणि मोबाइल फसतो. वर्सोवा, अंधेरी आणि घाटकोपर ह्यांना जोडणारा मेट्रोमार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. हा मार्ग खांबांवरून, रस्त्याच्या वरून जातो. त्याच्याखाली उभे राहिले, की आकाशाचा पुष्कळसा भाग झाकला जातो आणि नकाशावरील टिंब इकडेतिकडे सरकू लागते. तसेच, उड्डाणपुलावर असलेला माणूस पुलावर आहे की पुलाखाली, हेही त्या टिंबाला नेहमीच कळते असे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नकाशा. उपग्रहाला रस्ते ठाऊक नसतात. रस्ते, पूल, गल्ल्या ह्यांची माहिती माणसांनी गोळा केलेली असते, आणि जग बदलले की ती जुनी होते. अंधेरीच्या पूर्व आणि पश्चिम भागांना जोडणाऱ्या गोपाळकृष्ण गोखले पुलाचे उदाहरण फार बोलके आहे. ३ जुलै २०१८ रोजी ह्या पुलाच्या पादचारी मार्गाचा भाग रुळांवर कोसळला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये धोकादायक ठरल्यामुळे संपूर्ण पूल वाहतुकीस बंद करून पाडण्यात आला. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी, आणि पूर्ण पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. मधल्या काळात ज्याच्या यंत्रात जुनाच नकाशा राहिला असेल, त्याला ते यंत्र नसलेल्या पुलाकडे नेणार, हे उघड आहे. म्हणून यंत्र असे हवे, की ज्यातील नकाशा वरचेवर नवा करून घेता येईल. जे मोबाइल फार जुने झालेले असतात, त्यांना नवे नकाशे आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद होते. म्हणून नातीचा दुसरा प्रश्न असा: ‘ह्याला आणखी किती वर्षे दुरुस्त्या मिळणार?’

तिसरी गोष्ट म्हणजे मार्ग. मुलुंड आणि बोरिवली ही नकाशावर शेजारीशेजारी दिसतात. सरळ रेषेत मोजले तर दोहोंत सुमारे १२ किलोमीटर अंतर आहे. परंतु मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य पसरले आहे. त्यामुळे वाहनाने जाणाऱ्यास एक तर ठाण्यावरून घोडबंदर रस्त्याने वळसा घ्यावा लागतो, किंवा दक्षिणेकडे उतरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने जावे लागते. चांगला वाटाड्या केवळ अंतर पाहत नाही. वाट आहे का आणि ती किती वेळ घेईल, हेही पाहतो. रस्त्यावरील इतर मोबाइल किती वेगाने पुढे सरकत आहेत, ह्यावरून गर्दीचा अंदाज बांधला जातो आणि त्याप्रमाणे मार्ग सुचविला जातो. ही ताजी बातमी इंटरनेटवरून येते. म्हणून ज्या भागात काम करावयाचे, त्या भागात कोणत्या कंपनीचा संपर्क चांगला मिळतो, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून मगच सिमकार्ड घ्यावे.

इंटरनेट बंद पडले तर काय? मोबाइल उपग्रहांचे संदेश केवळ ऐकतो. त्यांच्याशी बोलत नाही. म्हणून इंटरनेट नसतानाही त्याला आपले ठिकाण कळू शकते. मात्र नकाशा आधीच उतरवून ठेवलेला नसेल, तर कोऱ्या पाटीवर एक टिंब तेवढे दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरे पाण्याखाली गेली, गाड्या थांबल्या आणि दूरध्वनींचा संपर्कही ठिकठिकाणी तुटला. असा प्रसंग पुन्हा येणारच नाही, असे कोणी म्हणावे? संपूर्ण मुंबईचा नकाशा साठविता येईल एवढी रिकामी जागा मोबाइलमध्ये असावी, हे नातीने तिसऱ्या ओळीत लिहिले.

ह्यानंतर बॅटरीचा विचार. बॅटरीवर ५,००० मिलिअँपिअर-तास असा आकडा असतो. यंत्र ताशी ५०० मिलिअँपिअर ह्या मानाने वीज खात असेल, तर ५,००० ला ५०० ने भागून दहा तास येतात. परंतु नकाशा, इंटरनेट आणि उजळलेली स्क्रीन ही तिन्ही एकदम चालू असली, म्हणजे वीज अधिक खर्च होते. समजा, ती ८०० मिलिअँपिअर झाली, तर सव्वासहा तासच मिळतील. नातीला तर सात तास फिरावयाचे होते! शिवाय बॅटरी जसजशी जुनी होते, तसतशी तिची साठवण कमी होत जाते. म्हणून मोठी बॅटरी आणि पिशवीत ठेवावयाची एक जास्तीची पॉवरबँक, अशी दुहेरी तरतूद तिने केली.

मुंबईचा पाऊस हा ह्या कामातील मोठा परीक्षक. यंत्र धूळ आणि पाणी कितपत सोसेल, हे सांगण्यासाठी ‘आयपी’ ह्या अक्षरांपुढे दोन आकडे देतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ असेल, तर धुळीपासून बऱ्याच अंशी आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण मिळते. आयपी ६७ असेल, तर धूळ मुळीच आत शिरत नाही, आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिले तरी यंत्र टिकावे, अशी त्याची रचना असते. तथापि आपटून यंत्राला तडा गेला, की ही हमी उरत नाही.

एवढी तयारी करून आजोबा आणि नात दुकानात गेली. दुकानदाराने एक झगझगीत मोबाइल पुढे केला. तो म्हणाला, “ताई, हा घ्या. ह्याचा रंग पाहा, ह्याचे फोटो पाहा. सगळे हाच नेतात.”

नात म्हणाली, “दादा, मी हा जरा बाहेर उन्हात नेऊन पाहू का?”

दुकानदाराला नवल वाटले. पण तो तिच्याबरोबर बाहेर आला. उन्हात त्या स्क्रीनवरील अक्षरे दिसेनाशी झाली. तिने दुसरा मोबाइल मागितला, मग तिसरा. तिसऱ्याचा रंग साधा होता. परंतु त्याची अक्षरे उन्हातही वाचता येत होती, तो एका हातात नीट बसत होता आणि त्याचा कॅमेरा लहानसा बारकोड चटकन वाचीत होता. किंमत पहिल्याच्या निम्मी होती. वहीतील एकेक प्रश्न विचारून झाल्यावर तिने तोच घेतला. दुरुस्तीचे दुकान जवळ कोठे आहे, हेही तिने विचारून ठेवले. आजोबांनी पक्की पावती मागून घेतली. प्रत्येक मोबाइलला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी क्रमांक असतो. खोक्यावरचा, पावतीवरचा आणि यंत्रातील क्रमांक एकच आहे, हे त्यांनी ताडून पाहिले. मोबाइल हरवला, तर ह्याच क्रमांकावरून सरकारच्या ‘संचार साथी’ ह्या व्यवस्थेद्वारे तो बंद करविता येतो.

घरी आल्यावर नातीने सर्वांत आधी मोबाइलला कुलूप घातले, म्हणजे गुप्त क्रमांकावाचून तो उघडू नये अशी सोय केली. रुग्णांची नावे, पत्ते आणि आजार हे त्यांचे खाजगी धन असते. पोस्टमनने दुसऱ्याचे पत्र उघडू नये, तसाच हाही नियम. आजोबांनी आणखी एक गोष्ट बजावली. “स्कूटर चालविताना मोबाइल हातात धरावयाचा नाही.” कायदाही तेच सांगतो. १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या नियमाप्रमाणे वाहन चालविताना अशा यंत्राचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यापुरता, आणि चालविणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने करता येतो. तिने मोबाइल स्कूटरच्या दांड्यावर घट्ट बसविण्याची सोय करून घेतली. वळण पाहण्याची गरज पडली, तर रस्त्याच्या कडेला थांबावयाचे, असा तिने नियम केला.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात ह्या वाटाड्याची परीक्षा झाली. अंधेरीतील एका मोठ्या गृहसंकुलात एक आजी उपाशी वाट पाहत होत्या. मोबाइलने सांगितले, ‘आपण इष्ट स्थळी पोचलात.’ समोर पाहावे, तो उंच भिंत आणि कुलूप लावलेले फाटक! टिंब बरोबर जागी होते. इमारत भिंतीच्या पलीकडेच होती. वाट मात्र तेथून नव्हती. तेवढ्यात पलीकडून पहारेकरी म्हणाला, “ताई, हे फाटक बंदच असते. तुम्ही सरळ जा, पिंपळावरून उजवीकडे वळा. ‘सी’ विंग तिकडून लागेल.” दोन मिनिटांत ती आजींच्या दारात पोचली. नमुना घेऊन झाल्यावर आजींनी चहाचा पेला ओठांना लावला, आणि नळी वेळेवर प्रयोगशाळेत गेली.

त्या दिवशी नातीने मोबाइलमधील त्या पत्त्यापुढे एक ओळ लिहून ठेवली: ‘मागचे फाटक बंद. पिंपळाजवळून आत.’ तिच्या जागी दुसरे कोणी गेले, तरी त्याला भिंतीसमोर उभे राहावे लागणार नव्हते.

मे २०२५ मध्ये डाक विभागाने ‘डिजिपिन’ नावाची नवी योजना पुढे आणली. तिच्यात देशातील जमिनीची सुमारे चार मीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा चौकटींत विभागणी केली असून प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-आकड्यांची खूण दिली आहे. पिन कोडाने टपालाचा विभाग कळत असे. डिजिपिनने दाराजवळची जागा कळते. तरीही वीस मजल्यांच्या इमारतीत एकावर एक असलेल्या सर्व घरांची चौकट एकच! मजला कोणता, फाटक कोठले, घंटा वाजविल्यावर दार उघडणारी आजी किती थकलेली आहे, हे उपग्रहाला दिसत नाही.

रात्री नातीने आजोबांना ही हकीकत सांगितली. आजोबा हसले आणि म्हणाले, “आमच्या वेळी अशा ओळी डोक्यात लिहाव्या लागत. मी निवृत्त झालो, तेव्हा त्या माझ्याबरोबरच घरी आल्या. तू मात्र त्या लिहून ठेवतेस, हे फार चांगले.” मग त्यांनी नातीची वही मागून घेतली आणि मुलुंडमधील, वर्षानुवर्षे पायांखालून गेलेल्या गल्ल्यांच्या खुणा एकेक करून तिला सांगावयास सुरुवात केली.